मास्तरांचा राग

गेल्या श्रावणातील गोष्ट. पावसाने दोन दिवस धार धरली होती व माथेरानचा डोंगर एकदाही दृष्टीस पडला नव्हता. अशा दिवसांत आमच्या कर्जतच्या घरातील माणसे ओटी सोडून हळूहळू माजघराकडे सरकतात. वहिनी वाती वळीत होत्या. आमच्या सौभाग्यवती तांदूळ निवडीत होत्या. माझी नात, जिने यंदा कॉलेजात मराठी हा विषय घेतला आहे, खांबाशी टेकून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचीत होती. पुस्तक संपले तेव्हा तिने ते मिटून मांडीवर ठेवले आणि मजकडे पाहून विचारले, "आजोबा, तुम्हीही असेच मास्तर होता का हो?"

प्रश्न कौतुकाचा होता. अडतीस वर्षे ज्याने खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांतून खडू झिजविला, त्याला असा प्रश्न ऐकून बरे वाटावे हे स्वाभाविकच. मी चष्मा पुशीत म्हणालो, "हो, साधारण तसाच."

तोच सूपातून मान वर न करता सौभाग्यवती म्हणाल्या, "साधारण म्हणा हवे तर. त्या मास्तराने कोणा पोरावर हात उगारलेला मला आठवत नाही. तुम्हांस राग फार येत असे."

नात हसली, वहिनीही हसल्या, आणि बोलणे दुसरीकडे वळले. परंतु माझे मन मात्र वळले नाही. त्या रात्री पागोळ्यांचा आवाज ऐकत मी पुष्कळ वेळ जागा होतो. खऱ्या प्रश्नास खोटे उत्तर दिल्याचा सल फार सूक्ष्म असतो. तो दिवसा जाणवत नाही, रात्री टोचतो. नातीला जे उत्तर द्यावयास हवे होते, ते या मासिकाच्या वाचकांसमोर मांडावे, असे त्यानंतर माझ्या मनाने घेतले. यात मोठा विचार काही नाही. एका सामान्य मास्तराच्या एका चुकीची ही हकीकत आहे.

प्रथम त्या पुस्तकाविषयी दोन शब्द. 'बनगरवाडी' 1955 साली ग्रंथरूपाने आली. माडगूळकरांची ती पहिलीच कादंबरी. मिसरूड नुकतेच फुटलेला एक मास्तर माणदेशातील धनगरांच्या एका वाडीवर येतो. शाळा असते, पण पोरे मेंढरांमागे. तो हळूहळू वाडीचा विश्वास मिळवितो, पोरे जमवितो, तालीम उभी करतो, तिच्यासाठी राजेसाहेबांस वाडीवर आणतो. आणि मग दुष्काळ पडतो. माणसे जनावरे घेऊन परागंदा होतात, वाडी ओस पडते, आणि मास्तरासही शेवटी तेथून निघावे लागते. अमोल पालेकरांनी 1995 साली तिच्यावर चित्रपट काढला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. या कादंबरीत अपयश आहे, परंतु ते पावसाने दिलेले आहे. मास्तराने ते आपल्या हातांनी ओढवून घेतलेले नाही. वाचून झाल्यावर आपणांस मास्तराची कणव येते. त्याचा राग येत नाही.

मराठी वाङ्मयातील मास्तर बहुधा असाच असतो. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत 1924 पासून सहा वर्षे शिक्षक होते, आणि त्यांच्या लेखणीतून जो शिक्षक आपल्या घरोघरी आला, तो मुलांची अंथरुणे घालणारा, त्यांच्यासाठी डोळे ओले करणारा शिक्षक. वि. स. खांडेकरांनी 1920 पासून शिरोड्याच्या शाळेत अठरा वर्षे काढली; त्यांच्या कथांतील गुरुजनही ध्येयासाठी झिजणारे. या थोरांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु आम्ही सामान्य मास्तरांनी या चित्रांचा एक गैरफायदा घेतला, हेही कबूल केले पाहिजे. देवघरात त्यांचे चित्र असल्यामुळे आमची पूजा आम्हांस फुकट मिळत गेली. चिडलेला, हरलेला, स्वतःवरच रुसलेला मास्तर पुढे भालचंद्र नेमाड्यांनी दाखविला. त्यांच्या पहिल्या कादंबरीत, 1963 सालच्या 'कोसला'त, नायक विद्यार्थी आहे. परंतु 'बिढार', 'जरीला', 'झूल' यांतील चांगदेव पाटील हा गावोगावची कॉलेजे बदलीत हिंडणारा प्राध्यापक आहे. त्याचा वैताग वाचताना प्रथम मला त्या माणसाची चीड आली. मग ध्यानात आले की, आपणांस चीड आली ती त्याला ओळखल्यामुळे.

आता माझ्याविषयी. मी मॅट्रिक, म्हणजे जुनी अकरावी, 1974 साली झालो. संस्कृत त्याआधीच घरी झाले होते. वडील याज्ञिकी करीत. त्यांनी मला मुंजीपासून शब्दरूपावली, अमरकोश आणि पुढे रघुवंशाचे सर्ग पढविले. त्यांची पद्धत सरळ होती. विभक्तीचे रूप चुकले की कान पिळला जाई. दुसऱ्यांदा चुकले की पाठीत धपाटा. मला संस्कृताचा लोभ लागला तो त्या धपाट्यांमुळे की धपाटे असूनही, याचा निर्णय मी आजवर करू शकलो नाही. पुण्यास जावे, बी. ए. व्हावे, आणि एखाद्या हायस्कुलात कालिदास शिकवावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. परंतु मॅट्रिकच्या पुढल्याच वर्षी वडील गेले. थोरले बंधू रेल्वेत चिकटले होते; दोन बहिणींची लग्ने व्हावयाची होती. तेव्हा मी अध्यापनाची पदविका घेतली आणि 1977 साली प्राथमिक शिक्षक म्हणून खालापूर तालुक्यातील एका वाडीच्या शाळेत रुजू झालो. त्या वेळी आपला जिल्हा अजून कुलाबा होता. 1 जानेवारी 1981 रोजी त्याचे रायगड झाले.

ज्यांनी कर्जत आगगाडीतून पाहिले आहे, त्यांना येथील बटाटेवडा ठाऊक असतो आणि बोरघाट ठाऊक असतो. खोपोली टाटांच्या वीजघरामुळे आणि महड वरदविनायकामुळे माहीत असते. परंतु उल्हास, पेज, पाताळगंगा या नद्यांच्या दोहों बाजूंस डोंगरांच्या कुशीत ज्या ठाकरवाड्या आणि कातकरवाड्या आहेत, त्या गाडीतून दिसत नाहीत. 2023 च्या 19 जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा दूरदूरच्या लोकांनी प्रथमच विचारले की, तेथवर रस्ता कसा नाही? आम्हा वाडीवरच्या मास्तरांस तो प्रश्न फार जुना होता. चिखलातून, ओढ्यांतून, पायवाटेने तासभर चढून जावे, तेव्हा शाळा लागे.

माझ्या शाळेत निम्म्याहून अधिक मुले कातकऱ्यांची. खैराचा काथ करणारे म्हणून कातकरी, असे सांगतात. खैराची वने गेली, काथ गेला, जमीन तर मुळी नव्हतीच. तेव्हा या लोकांच्या वाट्याला वीटभट्टी आली. तिची रीत अशी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम येऊन उचल देतो. दिवाळी झाली की ती उचल फेडावयास सारे कुटुंब भट्टीवर जाते. बाप्या माती कालवून गारा करतो, बाई साच्याने विटा थापते, पोरे ओल्या विटा उलथतात, वाळलेल्या रचतात. मजुरी हजारावर. आठवड्यास पोटापुरती खर्ची मिळते. बाकीचा हिशेब वैशाखात, पाऊस तोंडावर आला म्हणजे. हिशेबाची वही मालकाजवळ. पुष्कळदा सहा महिने राबूनही उचल फिटत नाही, आणि पुढल्या सालासाठी तीच शिल्लक डोक्यावर बसते. माणदेशातली वाडी दुष्काळाने एकदा ओस पडली, आणि तिच्यावर कादंबरी झाली. आमची वाडी दर साल दिवाळीनंतर ओस पडे, आणि त्याची नोंद माझ्या हजेरीपटाखेरीज कोठेही होत नसे. तेथे मी ओळीने 'गै' लिहीत जाई.

हे सर्व आज मी जितक्या समजूतदारपणे लिहीत आहे, तितक्या समजूतदारपणे त्या वेळी जाणीत होतो असे वाचकांनी मानू नये. माहीत होते, समजले नव्हते. पटसंख्या घटली की वरून विचारणा होई, आणि ती मला माझ्यावरचा अन्याय वाटे. कालिदास शिकविण्याच्या योग्यतेचा मनुष्य येथे अआइई शिकवीत बसला आहे, आणि तीही ज्यांस शिकवावयाची ती पोरे जाग्यावर नाहीत! असा माझा जळफळाट होता. घरी थोरल्या बंधूंसमोर आवाज चढविणे शक्यच नव्हते. साहेबांपुढे तर नव्हतेच. राग हा पाण्यासारखा आहे, उताराकडे धावतो. माझ्या उतारावर चाळीस मुले बसली होती.

त्यांत चौथीला एक मुलगा होता. त्याचे नाव मी लिहीत नाही. तो असेल तेथे आता पन्नाशीच्या आसपासचा असेल. मुलगा बारीक, काळासावळा, फार बोलत नसे. पण त्याचे स्मरण असे की, मी फळ्यावर लिहिण्यापूर्वी पाढा त्याच्या ओठांवर येई. एकदा गंमत म्हणून मी त्याला रामरक्षेतील काही श्लोक म्हणून दाखविले. दुसऱ्या दिवशी त्याने ते जोडाक्षरांसकट परत म्हटले. त्या वेळी मला झालेला आनंद निर्भेळ होता असे म्हणवत नाही. वडिलांच्या धपाट्यांनी जे मला दोन दिवसांत आले नव्हते, ते याला एका रात्रीत आले, याची कोठेतरी असूयाही होती. तरीही 1985 च्या दिवाळीपूर्वी मी त्याला मराठीचे पुस्तक दिले व म्हटले, "भट्टीवर घेऊन जा. रात्री वाचीत जा. वैशाखात परत आण." माझ्या नोकरीतील बऱ्या कृत्यांत मी ते पुष्कळ वर्षे मोजीत असे.

त्याच सुमारास एका माध्यमिक शाळेत संस्कृत शिक्षकाची जागा निघाली. मी अर्ज केला. पदवी नाही हे ठाऊक असूनही केला. वडिलांच्या शिष्यांची दोन शिफारसपत्रे जोडली, आणि आपले ज्ञान पाहून नियम वाकेल अशी भोळी आशा बाळगली. जानेवारीत एक दिवस शाळेत जाताना वाटेत पोस्टमन भेटला. पाकिटात चार ओळी होत्या. पदवीधर नसल्यामुळे विचार करता येत नाही. मी ते पत्र सदऱ्याच्या खिशात घातले आणि डोंगर चढू लागलो.

वर्ग भरला होता, आणि अकराच्या सुमारास तो मुलगा दारात उभा राहिला. अडीच महिन्यांनी. पाय गुडघ्यापर्यंत लाल मातीने भरलेले, अंगात बापाचा सदरा. भट्टी तेथून चार-पाच कोस तरी होती. तो पहाटे एकटाच निघून आला असला पाहिजे. काखेत काहीतरी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले होते. तो आत आला, टेबलाशी उभा राहिला, आणि म्हणाला, "गुरुजी..."

मी त्याला पुढे बोलू दिले नाही. "या! इतके दिवस कोणाच्या लग्नास गेला होतात?" मी म्हणालो. वर्ग हसला. वर्ग हसला म्हणून मी आणखी एक वाक्य बोललो, त्याच्या जातीवरून. ते येथे लिहिण्याचे धैर्य मला नाही. तो हसला नाही, रडलाही नाही. नुसता पाहत राहिला. त्या पाहण्यात मला उर्मटपणा दिसला. मी उठून त्याच्या कानशिलात मारली. एक नव्हे, दोन.

दुसरी चपराक मारताना खिशातले पत्र चुरगळल्याचा आवाज मी ऐकला. हे मी कल्पनेने लिहीत नाही. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मुलाने काखेतील पुडके टेबलावर ठेवले, आणि तो निघून गेला. शाळा सुटल्यावर मी ते उघडले. मी दिलेले पुस्तक होते. चिखलाचा एक डाग नव्हता. ज्या झोपडीत पीठ कोरडे राहत नाही, तेथे त्याने पुस्तक कोरडे ठेवले होते. शेवटच्या कोऱ्या पानावर कोळशाने काही रेघा आणि आकडे काढलेले दिसले. मी पुस्तक मिटले. नियमाप्रमाणे ते दप्तरी जमा करावयाचे. मी ते घरी आणून पेटीच्या तळाशी ठेवले.

तो पुन्हा शाळेत आला नाही. जून महिन्यात पटनोंदणीसाठी मी वाडीवर गेलो, तेव्हा त्याची आजी अंगणात होती. तिने जर्मनच्या पेल्यातून पाणी पुढे केले. डोंगर चढून घसा कोरडा झाला असता मी "नको" म्हणालो. का म्हणालो, ते वाचकांस सांगावयास नको. मलाही त्या वेळी ठाऊक होते. "मुलास शाळेत पाठवा, नाहीतर नाव कमी होईल," असे मी बजावले. आजी म्हणाली, "नाय येनार, गुरुजी. मोठा झाला आता. थापीला बसतो." मुलगा कुडाच्या आड उभा होता. मला दिसला, मी पाहिल्याचे त्यालाही दिसले. 'बाळ, माझे चुकले' एवढे म्हणावयास किती वेळ लागतो? संस्कृतातील क्षमेवरची सुभाषिते मला डझनावारी पाठ होती. एकही उपयोगी पडले नाही. मी नोंदवहीत खूण केली आणि खाली उतरलो. चपराक रागाच्या भरात गेली असे म्हणता येईल. हे मौन मात्र पूर्ण शुद्धीवरचे होते, आणि म्हणून त्याचा दोष मी अधिक मानतो.

यानंतर मी सुधारलो, असे लिहिता आले असते तर लेख गोड झाला असता. तसे झाले नाही. हात पुढेही उठत राहिला; कमी होत गेला इतकेच. 2009 साली शिक्षणहक्काचा कायदा झाला व पुढल्या एप्रिलपासून अमलात आला. त्यात मुलास शारीरिक शिक्षा करणे व मानसिक छळ करणे या दोहोंसही बंदी आहे. कायद्याने माझा हात थांबला. जीभ थांबावयास आणखी काही वर्षे लागली, आणि मग 2015 साली सेवानिवृत्तीच आली.

याच काळात, याच प्रांतात, दुसऱ्या तऱ्हेने वागणारी माणसे होती, हे कळल्यावर तर माझी सबब उरलीच नाही. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी 1945 साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम मांडले, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर अनुताईंनी गुरे चरतात तेथेच शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हणत. पुढे ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरच झोपड्यांतून भोंगाशाळा भरल्या. माझ्याप्रमाणेच त्यांच्याही हजेरीपटावर मुले गैरहजर होती. त्यांनी त्यावरून अनुमान काढले की, शाळा चुकीच्या जागी आहे. मी अनुमान काढले की, पोर चुकार आहे. अनुमानखंड मी शिकलो होतो, हा आणखी विनोद!

कर्जतला घाटाखाली गाडी आली की तिला मागून जादा इंजिने जोडतात. ती गाडीला रेटीत लोणावळ्यापर्यंत नेतात, आणि तेथे मुकाट्याने सुटी होतात. आतल्या उतारूंस ती जोडल्याचेही कळत नाही, सुटल्याचेही कळत नाही. बंधू रेल्वेत असल्यामुळे हे मी शेकडो वेळा पाहिले. मास्तराचे काम हेच आहे, हे मात्र उशिरा सुचले. मी नेहमी पुढे उभा राहून कान धरून ओढीत आलो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधाची कुळी सांगितली आहे. तो कामापासून, म्हणजे अडलेल्या इच्छेपासून जन्मतो. हे मी मुलांकडून पाठ करून घेतले आहे. परंतु माझा क्रोध कोणत्या इच्छेचे अपत्य आहे, हे मी कधी शोधले नाही. त्या मुलाने माझे काहीएक बिघडविले नव्हते. बिघडले होते ते पुण्याचे, बी. ए.चे, कालिदासाचे. वडिलांच्या अकाली मृत्यूचे देणे मी एका कातकऱ्याच्या पोराकडून वसूल केले.

महाभारताच्या आदिपर्वात आयोद धौम्य नावाच्या गुरूची कथा आहे. त्याचे तीन शिष्य. आरुणी बांध फुटू नये म्हणून स्वतःच बांधाच्या जागी आडवा झाला. त्याची गोष्ट प्रत्येक शाळेत सांगतात. उपमन्यूची भिक्षा गुरू सगळीच ठेवून घेई. उपासाने व्याकूळ होऊन त्याने रुईची पाने खाल्ली आणि आंधळा होऊन तो विहिरीत पडला. तीही गोष्ट आपण गुरुभक्तीची म्हणून सांगतो. तिसरा शिष्य वेद. त्याला गुरूने बैलासारखा राबविला. थंडी, ऊन, तहान, भूक सारे त्याने सोसले. पुढे हा वेद स्वतः गुरू झाला. तेव्हा गुरुगृही राहण्याचे दुःख काय असते हे जाणून त्याने आपल्या शिष्यांस कधी कष्टाला जुंपले नाही. बस, इतकीच गोष्ट. तीत चमत्कार नाही, अश्विनीकुमार नाहीत, म्हणून ती कोणी सांगत नाही. मीही अडतीस वर्षांत एकदा सांगितली नाही. आज मला वाटते, त्या तिघांत मोठा तोच. आपल्याला मिळालेला मार आपल्यापाशी थांबविणे, याहून अवघड तप गृहस्थाला नाही. माझ्या वडिलांनाही त्यांच्या गुरूने कान धरूनच पढविले असेल. ती परंपरा मी खंडित करावयाची होती. मी ती वाडीपर्यंत पोहोचविली.

आणि हे केवळ शाळेपुरते नाही, हे घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आपल्या एकत्र कुटुंबांत कचेरीतला अपमान संध्याकाळी घरी येतो, स्वयंपाकघरात उतरतो, आणि शेवटी ज्याच्या खाली कोणी नाही अशा लहानग्याच्या पाठीवर पडतो. "वळण लावतो" हे नाव आपण त्याला देतो. हात उचलण्यापूर्वी आपल्या खिशात कोणते पत्र आहे, एवढे तरी चाचपून पाहावे.

आता अखेरची गोष्ट. नातीच्या त्या प्रश्नानंतर आठ-दहा दिवसांनी मी माळ्यावरची पेटी उघडली, आणि ते पुस्तक तिच्या हाती दिले. वर जे लिहिले आहे ते तिला सारे सांगितले. त्या वर्गात बोललो ते वाक्यही सांगितले, जे येथे लिहवले नाही. सौभाग्यवती शेजारीच होत्या. त्यांनाही हे आजवर ठाऊक नव्हते. मी आडवळणाने म्हणालो, "यावर कोणी कादंबरी लिहिणार नाही." नात काही बोलली नाही. तिने शेवटचे पान उजेडाकडे धरले.

इतक्या वर्षांत ते पान मी एकदाही वाचले नव्हते. लाजेने मिटले ते मिटलेच. कोळसा फिकट झाला होता, पण अक्षर मोठे आणि सरळ होते. तिने बोटाने एकेक ओळ लावली. वर आठवड्यांच्या रेघा, पाचापाचाच्या जुड्या, त्यांची बेरीज, मग हजारी भावाने गुणाकार. "सगळे बरोबर आहे, आजोबा," ती म्हणाली. त्याच्याखाली 'उचल' हा शब्द, त्यापुढे आकडा, आणि खाली वजाबाकीची रेघ. रेघेखाली काही नव्हते.

ती थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, यात वरची संख्या लहान आहे आणि खालची मोठी. चौथीच्या मुलाला ही वजाबाकी कशी येणार?"

तो चार-पाच कोस चालून काय विचारावयास आला होता, ते मला त्या दिवशी समजले.